प्रभागांसाठी काढलेला नकाशा कपाटात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. त्याआधी काही महिने प्रत्येक महापालिकेत प्रभागरचनेचे काम चालले होते. इच्छुक उमेदवार सोडले तर त्या नकाशांकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि इच्छुकांनीही आपल्या हक्काच्या सोसायट्या कुठल्या प्रभागात गेल्या एवढेच पाहिले. नागरी सेवांच्या दृष्टीने मात्र महापालिकेच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे घरे आणि सहाशे-साडेसहाशे माणसे, हा त्याचा सर्वांत लहान तुकडा. गटाची एकूण लोकसंख्या, त्यात अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, हे आकडे सोबत असतात. हे गट उत्तरेकडून जोडत जोडत दक्षिणेत शेवट करायचा आणि प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली राहील असे बेतायचे, अशी ती पद्धत. आरक्षणाची सोडत झाली, मतदान झाले, की नकाशा निवडणूक शाखेच्या कपाटात जातो. शौचालय कुठे बांधायचे, दवाखाना कुठे काढायचा, घंटागाडी कोणत्या गल्लीत किती वाजता न्यायची, हे ठरवणाऱ्या खात्यांपर्यंत तो सहसा पोहोचतच नाही.

तो बाहेर काढावा आणि सेवांचा हिशेब त्यावर मांडावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. हिशेब कसा करायचा आणि कुठे फसतो, हे तपशिलाने लिहीत आहोत. कारण 'जीआयएस' (माहिती जोडलेल्या संगणकीय नकाशांची प्रणाली) हा शब्द निघाला की सभागृहाच्या भिंतीवर लावायचा एक रंगीत फलक तयार होतो आणि विषय तिथेच मिटतो.

आधी हे पाहू की प्रभागाचा किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा आकडा का पुरत नाही. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा आहेत. प्रभागरचनेसाठी धरलेली २०११ची लोकसंख्या ३४ लाख ८१ हजारांच्या घरात. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी ८४ हजार माणसे, एखाद्या तालुक्याच्या गावाहून जास्त. सहकारनगरचे बंगले आणि पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. अशा दोन वस्त्यांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो दोन्हींपैकी कुठेच राहत नाही. मुंबईत तर प्रशासकीय विभागांचेच आकारमान विषम होते. २०११च्या जनगणनेत बी विभागात १ लाख २७ हजार माणसे होती आणि पी उत्तर विभागात ९ लाख ४१ हजार. सात पटींहून जास्त फरक, आणि दोन्हींकडे एकेक सहायक आयुक्त, एकेक विभाग कार्यालय. पी उत्तरचे विभाजन पुढे हाती घेतले गेले, पण तोवर मालाडच्या माणसाला साध्या दाखल्यासाठी किती मोठ्या रांगेत उभे राहावे लागले असेल, हे त्या दोन आकड्यांतच आहे.

निधीचेही तसेच. पुण्यात ज्याला 'स यादी' म्हणतात, तो नगरसेवकांच्या सूचनेने खर्च होणारा पैसा साधारण माणशी सारखा वाटला जातो. इथे 'माणशी' म्हणजे नगरसेवकामागे. ज्या प्रभागात ड्रेनेज, पाणी, दिवे तीस वर्षांपूर्वीच झाले, तिथे तो पैसा पदपथाच्या फरशा पुन्हा बदलण्यात, बाकडी आणि नामफलक लावण्यात जातो. ज्या प्रभागात मैलावाहिनीच नाही, तिथे तितक्याच पैशात एका गल्लीचे काम निघते. समान वाटप आणि न्याय्य वाटप यांतले हे अंतर कोणालाही समजते. ते दाखवणारा तक्ता अंदाजपत्रकात नसल्यामुळे वर्षअखेरीस वर्गीकरणाचे, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याचे, प्रस्ताव विनासायास मंजूर होतात, एवढेच.

आता नकाशाकडे. तळाचा थर प्रगणक गटांच्या सीमांचा. २०११ मध्ये प्रगणकांनी जे नजरी नकाशे काढले, ते हाताने काढलेले होते. त्यांत मारुतीचे देऊळ, पिठाची गिरणी, नाला अशा खुणा आहेत, अक्षांश-रेखांश नाहीत. प्रभागरचनेच्या वेळी हे गट उपग्रहचित्रावर बसवले गेले, पण ते काम घाईचे होते. दोन गटांच्या मध्ये फट राहते, कुठे एक सीमा दुसरीवर चढते. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत अशा चुका शोधण्याची सोय आहे, ती वापरून आधी सीमा साफ कराव्या लागतात. फट राहिली तर त्यात पडलेली अंगणवाडी कोणत्याच गटात मोजली जात नाही. अंतर आणि क्षेत्रफळ मीटरमध्ये हवे तर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत, यूटीएमची घ्यावी. तीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३वा पट्टा आणि पूर्वेला ४४वा. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ४३ मध्ये येतात, नागपूर ४४ मध्ये. पुण्याहून नागपूरला नेलेली तयार फाइल तशीच वापरली तर मोजमापे बिघडतात, आणि नकाशा दिसायला ठीकच दिसत असल्याने चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

याहून चिवट अडचण अक्षरांची. गटनिहाय याद्या बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात, आणि ज्या मूळ फाइल मिळतात त्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये. पडद्यावर 'वडगाव' दिसते, संगणकाला ते अगम्य इंग्रजी चिन्हांचे कडबोळे असते. शिवाय वडगाव बुद्रुक, वडगाव बु., वडगांव बुद्रूक ही एकाच ठिकाणाची तीन रूपे. म्हणून तक्ते नावावरून कधीही जोडू नयेत. गट क्रमांक, वॉर्ड क्रमांक, जनगणनेचा संकेतांक यांवरूनच जोडावेत. संकेतांक संख्या म्हणून साठवला की आरंभीचे शून्य उडते आणि जोडणी चुकते, म्हणून तो मजकूर म्हणून साठवावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आठवडाभराचे काम यातच जाते.

दुसरा थर माणसांचा, आणि खरी मेख इथे आहे. २०११चा आकडा पंधरा वर्षे जुना आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी ही २०११च्या नोंदीत खेडी होती. तिथल्या एखाद्या गटात तेव्हा सहाशे माणसे होती. आज त्याच जागेवर बाराशे सदनिकांचे संकुल उभे आहे असे समजा. त्यातल्या ऐंशी टक्के सदनिकांत लोक राहत असतील आणि घरटी साडेतीन माणसे धरली, तर ३,३६० माणसे होतात. सहाशेच्या हिशेबाने आखलेली जलवाहिनी आणि कचऱ्याची फेरी त्यांना पुरणार कशी?

मग नवी जनगणना हाती येईपर्यंत काय करायचे? आकडा अद्ययावत करण्याची साधने महापालिकेच्याच वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. मिळकतकर खात्याकडची निवासी मिळकतींची संख्या, पाणीपुरवठ्याच्या नळजोडण्या, बांधकाम विभागाची भोगवटापत्रे, वीजकंपनीचे घरगुती मीटर, मतदार याद्यांचे हजार-बाराशे मतदारांचे भाग, आशा सेविकांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या सर्वेक्षण वह्या, पल्स पोलिओच्या घरभेटींचे तक्ते. प्रत्येकाची खोट वेगळी आहे. मिळकतकरात झोपडी नोंदलेलीच नसते, किंवा एका करक्रमांकाखाली दहा भाडेकरू असतात; उलट नव्या संकुलात गुंतवणूक म्हणून घेतलेल्या रिकाम्या सदनिकाही मोजल्या जातात. चाळीत एका मीटरवर चार खोल्या चालतात. मतदार यादीत मुले नसतात, परगावहून आलेला मजूर नसतो, आणि गेलेली माणसे मात्र राहतात. सर्वांत भरवशाच्या ठरतात त्या आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या वह्या, कारण त्या दारोदार जाऊन भरलेल्या असतात. पण आशा सेविका मुख्यतः गरीब वस्त्यांसाठी नेमलेल्या असल्याने बंगल्यांच्या भागात ही वही कोरी.

म्हणून एकाच साधनावर विसंबू नये. २०११ची गटाची लोकसंख्या घ्यावी, तेव्हाच्या आणि आजच्या निवासी मिळकतींच्या गुणोत्तराने ती वाढवावी, आणि मग मुलांच्या संख्येवरून ताडून पाहावी. महाराष्ट्रात २०११ मध्ये ० ते ६ वयाची मुले लोकसंख्येच्या सुमारे बारा टक्के होती; साडेसहाशेच्या गटात ७५-८० मुले. आज हे प्रमाण खाली आलेले असणार, वस्ती आणि सोसायटी यांतही फरक असणार. तरीही दोन वाटांनी आलेले आकडे पंधरा टक्क्यांच्या आत जुळले तर आकडा ठेवावा. त्याहून जास्त तफावत आली तर दोघांना त्या गटात पाठवून दारे मोजावीत. दीडशे दारांना अर्धा दिवस लागतो.

गटातली माणसे संपूर्ण क्षेत्रावर सारखी पसरवणे ही आणखी एक नेहमीची चूक. टेकडी, लष्करी हद्द, कारखाना, स्मशानभूमी, नदीपात्र इथे कोणी राहत नाही. लोकसंख्या घरांच्या छपरांवर, आणि जिथे मजले आहेत तिथे मजल्यांच्या प्रमाणात वाटावी. तसे केले नाही तर नकाशात टेकडीच्या माथ्यावर दवाखान्याची गरज दिसते. रंगांच्या नकाशाचाही एक चकवा असतो. शहराच्या कडेचा एक मोठा विरळ गट डोळ्यांत भरतो आणि मध्यभागी दाटीवाटीचे वीस गट मिळून अंगठ्याएवढे दिसतात. एका ठिपक्याला पन्नास माणसे, असा ठिपक्यांचा नकाशा सोबत ठेवला की दाटी कुठे आहे ते लगेच कळते.

झोपडपट्टीच्या व्याख्येकडेही पाहायला हवे. २०११च्या जनगणनेत अधिसूचित, मान्यताप्राप्त आणि ओळखलेल्या अशा तीन प्रकारच्या झोपडपट्ट्या धरल्या गेल्या. ओळखलेल्या प्रकारात किमान तीनशे माणसे किंवा साठ-सत्तर दाट, निकृष्ट घरे असावी लागत. नाल्याकडेची चाळीस झोपड्यांची पट्टी, बांधकामावरच्या मजुरांचे पत्र्याचे शेड, पुलाखालची वस्ती या अटीत बसत नाहीत, म्हणजे झोपडपट्टीच्या आकड्यात त्या नाहीतच. ज्यांना सेवा सर्वांत कमी मिळते तेच या गाळणीतून खाली पडतात. यांच्यासाठी प्रत्येक आरोग्य कोठीच्या (सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरी ठाण्याच्या) मुकादमाला आणि आशा सेविकेला नकाशाची छापील प्रत देऊन 'इथे आणखी कोण राहते' एवढे विचारावे. उपग्रहचित्रातून न दिसणारी माणसे त्यांना ठाऊक असतात.

तिसरा थर सुविधांचा. इथे 'सुविधा आहे' आणि 'सुविधा चालू आहे' या दोन वेगळ्या नोंदी ठेवायच्या. सामुदायिक शौचालयाचे उदाहरण घेऊ. स्वच्छ भारत अभियानाचा निकष ३५ पुरुषांमागे एक शौचकूप आणि २५ स्त्रियांमागे एक, असा आहे. ज्यांच्या घरात शौचालय नाही अशा १,०९० पुरुष आणि १,०१० स्त्रियांची वस्ती धरा. पुरुषांसाठी ३२ आणि स्त्रियांसाठी ४१ शौचकूप लागतात. कागदावर तिथे वीस-वीस आसनांचे एक शौचालय असते. सकाळी सहा ते आठ या वेळात जाऊन पाहिले तर स्त्रियांच्या बाजूची सहा दारे बंद: दोनांना कडी नाही, तीन तुंबलेली, एकात झाडू-बादल्या. म्हणजे १,०१० स्त्रियांना १४ आसने, एका आसनामागे ७२. आणि ही पाहणी दुपारी तीन वाजता केली तर सगळे आलबेल दिसते. रात्री दिवा आहे का, दहानंतर कुलूप लागते का, पाणी टँकरचे की नळाचे, सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली, हे रकाने तक्त्यात हवेतच. आमच्या मते नवे शौचालय बांधण्याआधी बंद दारांचा हिशेब मांडावा. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो. त्याचे उद्घाटन होत नाही, हीच काय ती त्याची उणीव.

दवाखान्यांचा निकष नागरी आरोग्य अभियानाने दिलेला आहे: साधारण ५० हजारांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १० हजारांमागे एक एएनएम (आरोग्यसेविका), दोनशे ते पाचशे कुटुंबांमागे एक आशा. पण केंद्राभोवती कंपासने एक किलोमीटरचे वर्तुळ काढून आतली माणसे मोजणे ही फसवणूक आहे. मध्ये रेल्वेचे रूळ असतील, नाला असेल, सहापदरी महामार्ग असेल किंवा एखाद्या संकुलाची बंद भिंत असेल, तर चारशे मीटरवरचा दवाखाना दीड किलोमीटर लांब जातो. अंतर रस्त्यावरून, चालत, आणि गरोदर बाई किंवा कडेवर मूल घेतलेली आई किती चालेल या हिशेबाने मोजावे. पंधरा मिनिटांच्या आत कोणते गट येतात ते आधी पाहावे, त्यांची लोकसंख्या एकत्र करून दवाखान्याच्या क्षमतेला तिने भागावे. मग प्रत्येक गटाला ज्या ज्या दवाखान्यांपर्यंत पोहोचता येते, त्या सगळ्यांचे भागाकार मिळवावेत. जो आकडा येतो तो त्या गटाच्या वाट्याला आलेली सेवा. क्षमता म्हणजे इमारत नव्हे. डॉक्टरांचे पद भरलेले आहे का, बाह्यरुग्ण विभाग किती तास चालतो, दिवसाला किती केसपेपर निघतात, यांवरून ती ठरते. सकाळी नऊ ते दुपारी एक चालणारा दवाखाना रोजंदारीवरच्या माणसासाठी बंदच असतो, त्यामुळे संध्याकाळी उघड्या असणाऱ्या दवाखान्यांचा नकाशा वेगळा काढावा. तो बहुधा फार रिकामा निघतो.

पाण्यासाठी गट आणि टाक्यांचे क्षेत्र एकमेकांवर ठेवावे लागतात, कारण पाणी प्रभागाची हद्द ओळखत नाही, ते वॉल्व्हमन जसे सोडेल तसे जाते. २० लाख लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरली तर ४० लाख लिटर. त्यातले तीस टक्के गळतीत जातात असे धरले तर उरले २८ लाख. माणशी १३५ लिटर या प्रमाण निकषाने ते २०,७४० माणसांना पुरते. त्या टाकीखालच्या गटांची बेरीज ३५ हजार निघाली, तर शेपटाकडच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार का येते याचे उत्तर तिथेच मिळते. त्यासाठी वेगळी समिती नेमायला नको. नळ किती तास येतो याबरोबर किती वाजता येतो हेही नोंदवावे. पहाटे तीनला येणारे पाणी कागदावर 'दोन तास' असते, पण त्यासाठी घरातली एक बाई रोज झोपमोड करून उठत असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा ते सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एकवटल्याचे नकाशावर दिसले आणि लक्ष पाण्याच्या स्रोतांकडे गेले. नव्याने शहरात आलेल्या या भागात शुद्धीकरण केंद्रातले पाणी सगळीकडे पोहोचलेले नव्हते. रुग्णांचे ठिपके मांडल्यावर जे कळले, ते लोकसंख्या आणि पाण्याचा स्रोत हे दोन थर एकमेकांवर ठेवले असते तर साथीआधीही दिसले असते.

लोकसंख्येच्या नकाशाने न्यायालयात काय घडू शकते, याचा दाखला अमेरिकेतला आहे. ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल शहराजवळ कोल रन नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. आजूबाजूच्या गोऱ्या वस्त्यांना सार्वजनिक नळाचे पाणी मिळत गेले, इथे सुमारे पन्नास वर्षे मिळाले नाही. कोळशाच्या खाणींनी विहिरी नासलेल्या, म्हणून लोक पाणी वाहून आणत किंवा पावसाचे साठवत. रहिवाशांच्या बाजूने जलवाहिन्यांचा नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक घरात कोणत्या वर्णाचे कुटुंब राहते ते मांडले गेले. २००८ मध्ये ज्यूरीने भेदभाव झाल्याचे मान्य करून जवळजवळ १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई दिली. आपल्याकडे प्रगणक गटाच्या यादीत अनुसूचित जाती-जमातींचा रकाना आहेच. तो फक्त आरक्षणाच्या सोडतीसाठी वापरायचा आणि मैलावाहिनीच्या नकाशावर ठेवून पाहायचा नाही, याला कारण काय?

मात्र त्याच देशात नकाशाने उलटेही घडवले. १९३०च्या दशकात तिथे गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला गेला आणि लाल भागाला कर्ज मिळणे दुरापास्त झाले. आपल्याकडेही वस्तीचा नेमका नकाशा पाडापाडीच्या पथकाच्या हाती आधी पडू शकतो, जमिनीच्या दलालाच्या हातीही. म्हणून घराघराची माहिती कधीही प्रसिद्ध करू नये, गट हाच सर्वांत लहान तुकडा असावा. एखाद्या रकान्यात दहाहून कमी माणसे असतील तर आकडा झाकावा. जात-जमातीचे आकडे सेवेच्या तुटीसोबत तक्त्यात द्यावेत, त्यांचा स्वतंत्र रंगीत नकाशा वाटू नये. जनगणनेतली व्यक्तिगत माहिती १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गोपनीय आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. गटाच्या एकूण बेरजा मात्र प्रभागरचनेच्या वेळी प्रसिद्ध होतातच.

रंगांबद्दल एक सूचना. संगणकाला सांगितले की पाच रंग कर, तर तो बहुधा गटांचे पाच सारखे भाग करतो. मग सगळे शहर निकषाखाली असले तरी पाचवा हिस्सा हिरवा दिसतो, आणि सगळे उत्तम असले तरी पाचवा हिस्सा लाल. रंगांच्या सीमा निकषावरून ठरवाव्यात: निकषाइतके, पाऊण, अर्धे, पाव, त्याहून कमी. आणि पाणी, आरोग्य, शिक्षण, कचरा एकत्र कालवून एकच 'विकास निर्देशांक' काढण्याच्या फंदात पडू नये. कोणत्या गोष्टीला किती वजन दिले यावरून निकाल हवा तसा फिरवता येतो, आणि ६२ गुणांच्या वस्तीत नेमके काय करायचे हे कोणालाच कळत नाही. ७२ स्त्रियांमागे एक आसन हे कनिष्ठ अभियंत्यालाही कळते आणि तिथे राहणाऱ्या बाईलाही.

मोबाइल ॲपवरच्या तक्रारींचे नकाशे हल्ली गरजेचे नकाशे म्हणून दाखवले जातात. ज्याच्याकडे वेळ आहे, मराठी-इंग्रजी टंकता येते आणि तक्रार केल्यावर काहीतरी होते असा अनुभव आहे, तो तक्रार करतो. ज्या वस्तीत दहा वर्षे घंटागाडी गेली नाही, तिथून तक्रार येत नाही, कारण तिथे ती अपेक्षाच उरलेली नसते. तक्रारी कमी आणि माणसे जास्त असे गट आधी तपासावेत.

सार्वजनिक शौचालये आणि मंडईंसाठी रात्री झोपणाऱ्यांची संख्या उपयोगाची नाही. फोर्ट-चर्चगेटच्या परिसरात दिवसा येणारी माणसे तिथल्या रहिवाशांच्या कितीतरी पट असतात. तिथे रेल्वे-बसची उतारूसंख्या आणि फेरीवाल्यांची गणना घ्यावी, स्त्री विक्रेत्या वेगळ्या मोजाव्यात.

ग्रामपंचायतींचे गणित थोडे वेगळे. तिथे महसुली गाव हा एकक असल्याने वाड्या, वस्त्या, पाडे आकड्यांत विरघळून जातात. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ती गावठाणापासून मोजली तर अट पुरी होते, डोंगरापलीकडच्या पाड्यापासून मोजली तर नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोन सर्वेक्षण झाले आहे, पण पाडे बहुधा गावठाणाबाहेर असतात. ग्रामसेवक आणि आशा यांनी मिळून पाड्यांचे बिंदू आणि घरांची संख्या एवढीच नोंद केली तरी निम्मे काम होते.

हे सगळे किती खर्चाचे? दहा लाखांच्या शहरात २०११च्या हिशेबाने सुमारे दीड हजार गट. एक माणूस दिवसाला पंचवीस-तीस गटांच्या सीमा साफ करतो, म्हणजे पन्नास-साठ दिवस. पाच टक्के गट प्रत्यक्ष फिरून तपासायचे तर पंच्याहत्तर. दोन-दोघांच्या चार पथकांना दोन आठवडे पुष्कळ. सुविधांची यादी पक्की करायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण ती सात खात्यांत विखुरलेली असते आणि कोणतेही खाते आपली बंद दारे स्वतःहून सांगत नाही. आज्ञावली मोफत आहे, उपग्रहचित्रे इस्रोच्या 'भुवन'वर आहेत, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र नागपुरात आहे. सल्लागार नेमण्याची घाई करू नये. सल्लागार गेला की नकाशाही जातो. महापालिकेतलेच दोन कर्मचारी तयार करावेत आणि त्यांची दर सहा महिन्यांनी बदली करू नये.

आता घाईचा मुद्दा. नव्या जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आहे आणि लोकसंख्येची नोंद १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची असेल. या वेळी गणना मोबाइलवर होत आहे आणि गटांच्या सीमा संगणकीय नकाशावर आखल्या जात आहेत. नजरी नकाशांचा घोळ पुन्हा होण्याचे कारण नाही. शहरांत जनगणनेचे चार्ज अधिकारी, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या गणनेची जबाबदारी असलेले अधिकारी, महापालिकेचेच असतात. तरीही दोन गोष्टी आपोआप मिळणार नाहीत. एक म्हणजे गटांच्या सीमांची फाइल. ती महापालिकेने आपल्या नोंदीसाठी रीतसर मागून घ्यावी. दुसरी म्हणजे वयोगट आणि दिव्यांगत्वाचे वॉर्डनिहाय तक्ते. २०११ मध्ये वॉर्डपातळीवर ० ते ६ वयाची मुले, साक्षरता, काम करणारे, अनुसूचित जाती-जमाती एवढेच मिळाले. साठीपुढची माणसे कुठल्या वॉर्डात किती, हे प्रसिद्ध तक्त्यांत नव्हते, त्यामुळे ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रे अंदाजाने बांधली गेली. तक्त्यांचे नमुने ठरून गेल्यावर मागणी करून उपयोग होत नाही. महापौर आणि आयुक्तांनी जनगणना संचालनालयाकडे या दोन मागण्यांचे पत्र घरयादीच्या काळातच पाठवावे, आणि तोवर कपाटातला २०११चा गटनिहाय तक्ता पीडीएफऐवजी वापरता येईल अशा फाइलमध्ये संकेतस्थळावर टाकावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली ती माहिती न मागताच मिळायला हवी. पुढच्या अंदाजपत्रकात दर भांडवली कामापुढे एक रकाना वाढवावा: कोणते प्रगणक गट, किती माणसे, आणि काम झाल्यावर एका सुविधेमागे किती.

आपले,
नगरनियोजन आणि नागरी आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे